शाळेचा निरोप घरात कोण वाचतो?

जून महिन्यात शाळा उघडतात आणि पहिल्या आठवड्यापासूनच प्राथमिक वर्गांतील मुलांच्या दप्तरांतून घरी कागद येऊ लागतात. वेळापत्रक येते, सुट्ट्यांची यादी येते, गणवेशाविषयीचे सूचनापत्र येते, ओळखपत्रासाठी रक्तगट विचारणारा छोटा अर्ज येतो आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आईचा क्रमांक जोडला जातो. हे सारे इतके नित्याचे आहे की त्यावर स्वतंत्र लेख लिहावा असे सहसा कोणास वाटत नाही. आपल्या समाजाच्या मासिकांतून शिक्षणाची वार्ता येते ती बहुधा दहावी-बारावीच्या निकालानंतर. गुणवंतांची छायाचित्रे, टक्केवारी, सत्कार समारंभ, प्रमुख पाहुण्यांचे दोन शब्द. पहिली ते चौथीच्या मुलाची वार्ता छापण्याजोगी समजली जात नाही आणि एका अर्थी ते रास्तही आहे. सात वर्षांच्या मुलाचा सत्कार कशाबद्दल करावयाचा? परंतु दहावीच्या ताळेबंदात जे दिसते त्याच्या नोंदी पहिली ते चौथीतच पडलेल्या असतात आणि त्या काळात शाळा घराला वारंवार काही सांगत असते. ते कोण वाचते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

व्यापारी कुटुंबे कागद वाचण्यात मागे असतात, असे कोणी म्हणेल तर माझा बँकेतील अनुभव त्याच्या विरुद्ध आहे. खातेउतारा हाती पडताच व्याजाचा एकेक पैसा तपासणारे, धनादेश वटण्यास एक दिवस अधिक लागला तर दुसऱ्या दिवशी सकाळी शाखेत हजर होणारे खातेदार मी वर्षानुवर्षे पाहिले. रोजमेळ जुळल्याशिवाय रात्री दुकान बंद न करणारी घरे आजही आहेत. मालसाठ्याचे मासिक विवरण, वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र, दुकान परवान्याचे नूतनीकरण, यांची तारीख चुकत नाही. त्याच घरातील मुलाची शाळेची दैनंदिनी मात्र कर्त्या पुरुषाच्या हाती वर्षातून एकदाही जात नाही. विचारले तर उत्तर ठरलेले असते, “शाळेचं घरात बघतात.” येथे ‘घरात’ याचा अर्थ घरातील सून असा असतो, हे निराळे सांगावयास नको.

ती सून बघते, हे खरे आहे. सहीही करते. पण बघणे आणि निर्णय घेता येणे यांत अंतर आहे. ते अंतर किती महाग पडू शकते, याचे एक उदाहरण परिचयातील आहे. नाव-गाव बाजूला ठेवून सांगतो.

एका तालुक्याच्या गावी धान्याचा घाऊक व्यापार करणारे एकत्र कुटुंब. नातू तिसरीत. पहिल्या दोन इयत्तांत चुणचुणीत म्हणून ओळखला जाणारा मुलगा तिसरीत मागे पडू लागला. ऑगस्टमध्ये वर्गशिक्षिकेने दैनंदिनीत लिहिले, की फळ्यावरील मजकूर उतरवून घेताना शब्द गळतात. सप्टेंबरमधील नोंद अशी, की पुढच्या बाकावर बसविल्यावर लेखन सुधारते. ऑक्टोबरमध्ये थेट विनंती, की डोळ्यांची तपासणी करून घ्यावी. तीनही नोंदींखाली आईची सही. तिने घरात विषय दोनदा काढला होता. परंतु दिवस दसरा-दिवाळीचे, नवा माल उतरण्याचे. तालुक्याच्या गावाहून नेत्रतज्ज्ञाकडे जावयाचे तर अर्धा दिवस, गाडी आणि सोबत कोणीतरी हवे. ‘दिवाळी होऊ द्या’ असे ठरले. दिवाळीनंतर सत्र परीक्षेचे गुण समोर आले तेव्हा मुलगा आळशी झाला, असा निष्कर्ष निघाला आणि त्याला संध्याकाळची शिकवणी लावण्यात आली. शिकवणीच्या खोलीत फळा नव्हता, मुले वहीवर वही ठेवून लिहीत. तेथे तो उत्तम करू लागला. त्यामुळे शाळेतच काही बिघाड आहे, असा नवा ग्रह झाला.

जानेवारीत शुल्काची पावती शोधताना आजोबांच्या हाती ती दैनंदिनी लागली. त्यांनी ती खातेवही वाचावी तशी पहिल्या पानापासून वाचली. तीन महिन्यांच्या तीन नोंदी एकाखाली एक पाहिल्यावर त्यांना कोणी काही समजावून सांगण्याची गरज पडली नाही. त्याच आठवड्यात तपासणी झाली आणि मुलाला चष्मा लागला. पुढे ते मला म्हणाले, “साहेब, बँकेकडून असं तिसरं पत्र आलं असतं, तर मी दुपारी जेवायलाही थांबलो नसतो.”

या कहाणीत कोणी वाईट वागले नाही. शिक्षिकेने आपले काम चोख केले, आईने वाचले आणि सांगितले, घरच्यांनी मुलावर पैसे खर्च करण्यात हात आखडता घेतला नाही. उणे एवढेच होते की निरोप ज्याच्या हाती पडला त्याच्या हाती निर्णय नव्हता आणि ज्याच्या हाती निर्णय होता त्याने निरोप पाहिलाच नव्हता. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर सूचना ‘पोहोचली’ होती, पण ‘बजावली गेली’ नव्हती.

शाळेने घराला असे कळविणे ही शिक्षकांची केवळ सौजन्याची रीत नव्हे, हेही पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. आपल्याकडे या कायद्याची चर्चा होते ती विनाअनुदानित शाळांतील पंचवीस टक्के राखीव प्रवेशांपुरती. त्याच कायद्याचे कलम २४ शिक्षकांची कर्तव्ये सांगते. त्यांत पालकांच्या नियमित सभा घेणे आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता, झालेली प्रगती व अन्य आवश्यक माहिती त्यांना देणे हे स्पष्टपणे नमूद आहे. म्हणजे पालकसभा ही संमेलनासारखी ऐच्छिक बाब नाही. शाळेवर सांगण्याचे बंधन आहे. ऐकणाऱ्यावर मात्र कायद्याने बंधन घातलेले नाही आणि घालता येणारही नाही.

आता प्रगतिपत्रकाकडे वळू. कारण शाळेकडून येणाऱ्या सर्व कागदांत हाच कागद सर्वांत अधिक पाहिला जातो आणि सर्वांत कमी वाचला जातो.

आपल्या पिढीचे प्रगतिपुस्तक सरळ होते. शंभरपैकी गुण, वर्गात क्रमांक, नापास विषयाखाली लाल रेघ. २०१० पासून महाराष्ट्रात राज्य अभ्यासक्रमाच्या शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली आणि गुणांच्या जागी श्रेणी आली. ९१ ते १०० गुणांस अ-१, ८१ ते ९० गुणांस अ-२, ७१ ते ८० गुणांस ब-१, ६१ ते ७० गुणांस ब-२, अशी ती उतरंड पुढे क, ड आणि इ पर्यंत जाते. मूल्यमापनाचे दोन भाग असतात. वर्षभर वर्गात चालते ते आकारिक आणि सत्राच्या अखेरीस होते ते संकलित. पहिली-दुसरीत आकारिकास ७० टक्के व संकलितास ३० टक्के भार असतो. तिसरी-चौथीत तो ६० आणि ४० होतो. आकारिक म्हणजे दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय इत्यादी. यांतून एक गोष्ट लक्षात यावी. दुसरीतील मुलाच्या श्रेणीत दोन तृतीयांशाहून अधिक वाटा वर्गातील कामाचा आहे. प्रकल्प आईने करून दिला असेल, स्वाध्याय शिकवणीच्या बाईंनी पूर्ण करून घेतला असेल, तर ती श्रेणी नेमकी कोणाची, हा प्रश्न घरानेच स्वतःला विचारावा. शाळा तो विचारणार नाही.

श्रेणीपेक्षा मोलाची असते ती वर्णनात्मक नोंद. बहुतेक पत्रकांत तीन रकाने आढळतात: विशेष प्रगती, आवड व छंद, आणि सुधारणा आवश्यक. पहिले दोन रकाने पाहुण्यांना दाखविण्यासाठी आहेत, असे म्हटले तर शिक्षकवर्ग रागावणार नाही अशी आशा आहे. तिसरा रकाना घरासाठी आहे. शिक्षिकेला तेथे कठोर शब्द वापरता येत नाहीत आणि वापरूही नयेत. त्यामुळे तिची भाषा सौम्य असते. कर्जखात्याच्या तपासणी अहवालातही आम्ही ‘खाते बुडण्याच्या मार्गावर आहे’ असे कधी लिहीत नसू. ‘खात्यातील उलाढाल मंदावली आहे’ असे लिहीत असू आणि वाचणाऱ्या वरिष्ठाला ते पुरेसे होई. तद्वत ‘वाचनाचा सराव आवश्यक’ याचा अर्थ पुष्कळदा मूल अद्याप सलग वाचत नाही, असा निघतो. ‘इतरांच्या मदतीने लिहितो’ याचा अर्थ शेजारच्याची वही पाहिल्याशिवाय लिहीत नाही, असाही असू शकतो. ‘वर्गात शांत असतो’ ही तर सर्वांत अवघड नोंद. ती स्तुती आहे की काळजी, हे कागदावरून ठरत नाही. बाईंना भेटूनच विचारावे लागते. ‘अक्षर सुधारण्यास वाव आहे’ एवढेच लिहिले असेल तर निश्चिंत राहण्यास हरकत नाही. माझ्या ओळखीच्या कित्येक निष्णात डॉक्टरांबाबत तो वाव अजून शिल्लक आहे.

याबाबत गाफील राहणे आता पूर्वीपेक्षा अधिक धोक्याचे आहे. मूळ कायद्यानुसार आठवीपर्यंत कोणाही मुलास त्याच वर्गात ठेवता येत नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना मुभा मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम करून पाचवी व आठवीच्या अखेरीस वार्षिक परीक्षा आणली. अनुत्तीर्ण झालेल्या मुलास पुनर्परीक्षेची संधी मिळते. तीतही जमले नाही तर ते त्याच वर्गात राहते. म्हणजे चौथीपर्यंत गाडी कोठेही थांबत नाही आणि पाचवीच्या अखेरीस फाटक लागते. पहिली ते चौथीच्या सौम्य नोंदी न वाचलेल्या घराला ते फाटक एकाएकी आडवे आले असे वाटते.

इंग्रजी माध्यमाच्या, केंद्रीय मंडळाच्या शाळांत पत्रकाचा नमुना निराळा असेल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर मुलाने स्वतःचे आणि सवंगड्यांनी त्याचे मूल्यमापन करावे, अशा सर्वांगीण प्रगतिपत्रकाची शिफारस केली आहे. तसे नमुने हळूहळू येत आहेत. नमुना कोणताही असो, पालकाला घरच्या घरी पडताळा घेता येतो आणि त्यासाठी एम.ए., बी.एड. असावे लागत नाही. केंद्र शासनाच्या ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने इयत्तावार साधी लक्ष्ये ठरवून दिली आहेत. पहिलीच्या अखेरीस मुलाने चार-पाच सोप्या शब्दांची अनोळखी वाक्ये वाचावीत आणि ९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्या-लिहाव्यात. दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत, संख्या ९९९ पर्यंत. तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, संख्या ९९९९ पर्यंत आणि सोपे गुणाकार.

मजकूर अनोळखी हवा, हे महत्त्वाचे. पाठ्यपुस्तकातील धडा मुलाला पाठ असतो आणि ते पानावर बोट फिरवीत बिनचूक म्हणून दाखविते. आजी कौतुकाने पाहत राहते. त्याऐवजी त्याने न पाहिलेले गोष्टीचे पुस्तक उघडावे, घड्याळ लावावे आणि वाचून झाल्यावर ‘काय झाले गोष्टीत?’ असे विचारावे. मूल अडखळले तर रागवू नये. शब्द मोजून दैनंदिनीत तारीख टाकून लिहून ठेवावेत. दोन महिन्यांनी पुन्हा तसेच करावे.

गणिताच्या बाबतीत व्यापारी घराची एक खास फसगत होते. दुकानात बसलेले आठ वर्षांचे मूल साडेतीन किलोचे पैसे तोंडी सांगते, पाचशेच्या नोटेतून सुट्टे अचूक परत देते आणि घरच्यांना वाटते, आपल्या रक्तातच हिशेब आहे, गणिताची चिंता नको. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत विक्री करणारी मुले गुंतागुंतीचे व्यवहार मनातल्या मनात अचूक करीत. परंतु तशाच क्रिया पुस्तकी पद्धतीने कागदावर मांडल्या की त्यांतील बहुतेक अडखळत. शाळेत जाणारी, बाजाराचा अनुभव नसलेली मुले नेमकी उलटी. कागदावरील उदाहरण सोडवीत, पण प्रत्यक्ष सौद्याच्या हिशेबात गोंधळत. एक कसब दुसरीकडे आपोआप जात नाही, हे त्यातून निष्पन्न झाले. आपल्या मुलांना दोन्ही जगे उपलब्ध आहेत, हे भाग्य मानावे. त्यांतील दुवा मात्र कोणीतरी जोडून द्यावा लागतो. गल्ल्यावर तोंडी केलेला हिशेब रात्री वहीत मांडून दाखवावयास सांगणे, एवढे त्यासाठी पुरते. हे काम आईपेक्षा दुकानातून परतलेला पिता अधिक चांगले करू शकतो. जोडव्यवहार त्याच्याच डोळ्यांसमोर झालेला असतो.

गृहपाठाविषयी एक गोष्ट जाता जाता. ‘शाळा गृहपाठ कमी देते’ ही तक्रार पालकसभांतून हटकून ऐकू येते. २०२० च्या राष्ट्रीय शालेय दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ असूच नये आणि तिसरी ते पाचवीस तो आठवड्यास अधिकाधिक दोन तासांचा असावा. तेव्हा कमी गृहपाठ देणारी शाळा ढिली, असे समजण्याचे कारण नाही.

पालकसभेचाच विषय निघाला आहे तर तिच्या वेळेबद्दल लिहिले पाहिजे. सभा बहुधा शनिवारी सकाळी अकरा वाजता असते. नोकरदार पालकांस ती वेळ सोयीची. व्यापाऱ्यास ती भर गिऱ्हाइकीची. आठवडी बाजार शनिवारी असेल तर प्रश्नच नाही. परिणामी सभेत नोकरदार माता-पिता जोडीने दिसतात आणि आपल्या घरची सून एकटी मागच्या रांगेत बसलेली असते. ‘वेळ आमच्यासाठी नाही’ ही तक्रार खरी आहे, पण ती शाळेपर्यंत कधी पोहोचत नाही. बाजारपेठेच्या गावातील शाळेला साप्ताहिक सुट्टीचा दिवस कळविला आणि दहा-पंधरा पालकांनी मिळून एक अर्ज दिला, तर मुख्याध्यापक वर्षाच्या चार सभांपैकी दोन तरी त्या दिवशी ठेवू शकतात. सभांच्या तारखा जूनमध्येच मागून घ्याव्यात आणि कर भरण्याच्या तारखा जेथे टांगलेल्या असतात त्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात. दुकानात दोन भाऊ असतील तर एकाने जावे. आजोबा गेले तरी चालते. बाईंना त्यांच्याशी बोलणे अनेकदा सोपे जाते, असा माझा अनुभव आहे.

व्हॉट्सअ‍ॅप गटाने निरोपांची संख्या वाढविली आणि वजन घटविले. सकाळच्या सुविचारापासून वाढदिवसाच्या फुग्यांपर्यंत दिवसाकाठी पन्नास संदेश येतात. उद्या दंतचिकित्सा शिबिर आहे, हा एक संदेश त्यांत बुडून जातो. ज्या शाळांनी केवळ शाळेलाच लिहिता येईल असा सूचनांचा गट वेगळा केला आहे, त्यांनी शहाणपणा केला. तसा नसेल तर मागणी करावी आणि त्यात आई व वडील दोघांचेही क्रमांक घालण्यास सांगावे. आणखी एक सूचना मुलांच्या छायाचित्रांबाबत. स्नेहसंमेलनातील नृत्याची चित्रफीत सर्वांनाच प्रिय असते, परंतु ती नाव, वर्ग आणि शाळा यांसह दुकानाच्या ग्राहक-गटापर्यंत पोहोचविणे योग्य नव्हे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरविली आहे. शाळेने वा एखाद्या ॲपने संमतिपत्र पाठविले तर ते न वाचता सही करू नये. कर्जाच्या कागदावर आपण करीत नाही, मग येथे का?

आता थोडे नाजूक. आपल्या समाजाने शाळांना दिलेले दान मोठे आहे. गावोगावच्या शाळांत वर्गखोलीच्या दारावर, पाणपोईवर, सभागृहाच्या भिंतीवर आपल्या पूर्वजांची नावे कोरलेली आहेत आणि त्याचा सार्थ अभिमान वाटतो. परंतु देणगीदार आणि पालक या दोन भिन्न भूमिका आहेत. देणगीदारास शाळा पहिल्या रांगेत बसविते, पुष्पगुच्छ देते आणि मुलाविषयी अप्रिय असे काही त्याच्यापाशी बोलण्यास कचरते. पालकाला मात्र नेमके तेच ऐकावयाचे असते. मुलाच्या वर्गशिक्षिकेपुढे बसताना शिलालेखावरील नाव बाहेर ठेवून गेले, तर ती मोकळेपणाने बोलेल. व्यवहारातही दोन्ही वेगळे ठेवावेत. आयकराच्या जुन्या पद्धतीने विवरण भरणाऱ्यास दोन मुलांच्या शिकवणी शुल्काची वजावट मिळते. विकास निधी वा देणगी म्हणून दिलेली रक्कम तीत धरता येत नाही. म्हणून शाळेच्या पावतीवर शिकवणी शुल्क स्वतंत्र दाखविलेले आहे की नाही, हे काउंटर सोडण्यापूर्वीच पाहावे.

शुल्काबाबत तर कायद्याने पालकांना टेबलाशी खुर्चीच दिली आहे. अनुदानित व शासकीय शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असतात. शाळा विकास आराखडा करणे व अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे ही तिची कामे. खासगी शाळांच्या शुल्कासाठी महाराष्ट्रात २०११ चा शुल्क विनियमन अधिनियम आहे. त्यानुसार शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन करावयाचा, प्रत्येक पालक त्याचा सदस्य आणि कार्यकारी समितीवरील पालक चिठ्ठ्या टाकून निवडावयाचे. मुख्याध्यापक अध्यक्ष, एक पालक उपाध्यक्ष, प्रत्येक इयत्तेतून एक पालक व एक शिक्षक. तीन महिन्यांतून किमान एक बैठक. पुढील वर्षाच्या शुल्काचा प्रस्ताव व्यवस्थापनाने किमान सहा महिने आधी या समितीपुढे ठेवावयाचा असतो. एकमत न झाल्यास विषय विभागीय शुल्क नियामक समितीकडे जातो. नंतरच्या दुरुस्तीने शाळेतील किमान पंचवीस टक्के पालक एकत्र आले तर त्यांनाही तेथे दाद मागता येते.

सहा महिने आधी, म्हणजे जूनमध्ये उघडणाऱ्या शाळेचा प्रस्ताव डिसेंबरपूर्वी येतो. आपण शुल्कवाढीची चर्चा करतो ती एप्रिलमध्ये, पुस्तकांच्या दुकानापुढील रांगेत उभे राहून. तोवर ठराव होऊन इतिवृत्तावर सह्या झालेल्या असतात आणि त्या सह्यांत आपल्याच इयत्तेच्या पालक प्रतिनिधीची सही असते. तिचे नावही आपणास ठाऊक नसते. ताळेबंद, शिक्षकांचे वेतन, इमारतीचा घसारा, राखीव निधी हे शब्द समितीच्या बैठकीत निघतात तेव्हा ते समजणारी माणसे टेबलाभोवती हवीत. सोळा आण्यांचा हिशेब कळणारी घरे आपल्याकडे कमी नाहीत. चिठ्ठीत नाव निघण्यासाठी आधी संघाच्या सभेस हजर राहून तशी तयारी दाखवावी लागते आणि ती सभा जुलैच्या मध्यापर्यंत होऊन जाते. निवडलेल्या सदस्यांची यादी शाळेच्या सूचनाफलकावर लावली जाते. फलक बहुधा फाटकातून आत शिरताच डाव्या-उजव्या भिंतीवर असतो. मुलाला सकाळी सोडावयास गेलेल्या माणसाला तो स्कूटरवरून न उतरता वाचता येत नाही.